अंडाशयाचा कर्करोग : उशीर नेमका कुठे होतो?

गेल्या लेखात आपण रजोनिवृत्तीनंतर होणारी हाडांची झीज पाहिली. त्याच वयाशी निगडित असलेल्या, पण घराघरांत फारसा बोलला न जाणाऱ्या एका आजाराकडे आज वळू या.

बाह्यरुग्ण विभागात समोर बसलेल्या छप्पन्न वर्षांच्या बाईंनी आपली तक्रार एका वाक्यात सांगितली : "डॉक्टर, ब्लाउज सगळे ढिले झालेत आणि परकराची नाडी मात्र पुरत नाही." हात-खांदे वाळत चालले होते आणि पोट वाढत होते. सात महिन्यांपूर्वी दोन घास खाल्ले की पोट गच्च होऊ लागले, तेव्हा घरच्यांनी ओवा आणि हिंग दिले. नंतर आम्लपित्ताच्या गोळ्या झाल्या. मग बद्धकोष्ठतेचे चूर्ण झाले. 'या वयात पोट सुटतेच,' असे शेजारणींनी समजावले. एंडोस्कोपीही झाली आणि जठर निर्दोष निघाले. पोटाची सोनोग्राफी झाली ती सर्वांत शेवटी. तिच्या अहवालात दोन ओळी होत्या : डाव्या अंडाशयात गाठ, पोटात पाणी.

बाई तपासणीच्या खोलीतून बाहेर येण्यापूर्वी त्यांचा मुलगा माझ्या टेबलाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "डॉक्टर, काय असेल ते मला सांगा. आईला काही सांगू नका."

ही एकाच बाईची कहाणी नाही. कोणाची ओळख उघड होऊ नये म्हणून अनेकींच्या अनुभवांतून मी ती जुळवली आहे. पण या आजाराच्या वाटेवर वेळ जिथे जिथे वाया जातो, ती सारी ठिकाणे तिच्यात आहेत. आजाराचे स्वरूप आपल्या हाती नसते. हा वाया जाणारा वेळ मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती असतो. आजचा लेख त्याविषयी आहे.

पोटात काय घडते

स्त्रीच्या ओटीपोटात गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना, साधारण बदामाच्या आकाराची दोन अंडाशये असतात. पाळी थांबल्यावर ती आकसून आणखी लहान होतात. प्रत्येक अंडाशयाशेजारी गर्भनलिकेचे झालरीसारखे मोकळे टोक असते. अंडाशयाच्या कर्करोगाचे अनेक प्रकार आहेत. त्यांतील सर्वांत जास्त आढळणाऱ्या आणि वेगाने पसरणाऱ्या प्रकाराची सुरुवात पुष्कळदा अंडाशयात नव्हे, तर या झालरीच्या पेशींमध्ये होते, असे या शतकातील संशोधनातून पुढे आले आहे.

ही जागा पोटाच्या पोकळीत उघडी असते. तेथून सुटलेल्या पेशी पोकळीतील थोड्याशा द्रवाबरोबर फिरतात आणि पोटाच्या आतील पातळ आवरणावर, आतड्यांपुढे लोंबणाऱ्या चरबीच्या पडद्यावर, यकृताच्या वर असलेल्या श्वासपटलावर रुजतात. द्रव शोषून घेणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या तुंबल्या की पाणी साठू लागते. स्तनातील गाठ हाताला लागते, गर्भाशयमुखाचा कर्करोग पाळीबाहेरच्या रक्तस्रावाने आपली चाहूल देतो. पोटाची पोकळी मात्र प्रशस्त आहे. तिच्यात पुष्कळ काही सामावून जाते. त्यामुळे रुग्णालयात पोहोचणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात असतात.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या वर्षी सुमारे ४७ हजार स्त्रियांना हा आजार झाला आणि सुमारे ३३ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. भारतीय स्त्रियांमध्ये स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या खालोखाल याच कर्करोगाचा क्रम लागतो.

पहिला उशीर : तक्रार आणि सोनोग्राफी यांच्यामध्ये

या आजाराला पूर्वी 'मूक मारेकरी' म्हणत. तो पूर्णतः मूक नसतो; त्याची भाषा रोजच्या पोटाच्या कुरबुरींची असल्यामुळे ती वेगळी ऐकू येत नाही, इतकेच. अमेरिकेतील डॉ. बार्बरा गॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या तक्रारींचा बारकाईने अभ्यास करून २००७ मध्ये एक साधी कसोटी मांडली. ओटीपोटात किंवा पोटात दुखणे, पोट फुगणे अथवा घेर वाढणे, आणि खाता न येणे किंवा थोड्याच खाण्याने पोट भरणे, यांपैकी एखादी तक्रार गेल्या वर्षभरात नव्याने सुरू झाली असेल आणि महिन्यातून बारापेक्षा अधिक दिवस होत असेल, तर तिची दखल घ्यावी. वारंवार किंवा घाईने लघवीला जावे लागणे, ही तक्रारही यांच्याबरोबर पुष्कळदा आढळते. ब्रिटनच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनीही याच तक्रारींवर भर दिला आणि त्यांत एक मोलाची भर घातली : पन्नाशीनंतर 'आतड्यांचा चिडचिडेपणा' पहिल्यांदाच सुरू होणे विरळ असते, म्हणून त्या वयात तसे निदान करण्यापूर्वी अंडाशयांची तपासणी करावी.

येथे घाबरण्याचे कारण नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. पोट फुगणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी बहुतेकींना साधेच कारण असते. सणावाराच्या जेवणानंतर फुगलेले पोट दोन दिवसांत उतरते. ती या कसोटीत बसणारी तक्रार नव्हे. महत्त्व आहे ते नवेपणाला आणि सातत्याला. ते जोखण्याचा एक घरगुती उपाय मी सुचवते. भिंतीवरच्या ज्या दिनदर्शिकेत आपण दुधाचा हिशेब लिहितो, तिच्यातच तक्रारीच्या दिवशी एक टिंब द्यावे. महिनाअखेरीस टिंबे बारापेक्षा जास्त झाली, तर ती दिनदर्शिका घेऊन डॉक्टरांकडे जावे. 'अधूनमधून होते' या उत्तरापेक्षा ती टिंबे डॉक्टरांना पुष्कळ अधिक सांगतात. तक्रार झपाट्याने वाढत असेल, पोटाचा घेर दिसेल इतका वाढला असेल किंवा वजन घटत असेल, तर मात्र महिना मोजत बसू नये.

आणखी दोन समजुती उशिराला हातभार लावतात. 'माझी पिशवी काढली आहे, आता कसली भीती?' ही पहिली. गर्भपिशवी काढताना अंडाशये ठेवली आहेत की काढली आहेत, हे अनेक स्त्रियांना ठाऊकच नसते. शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवावेत आणि त्यांत काय लिहिले आहे ते विचारून घ्यावे. दुसरी समजूत अशी की, पॅप चाचणी निर्दोष आली म्हणजे आतले सारे ठीक. ती चाचणी गर्भाशयमुखाची आहे. अंडाशयाविषयी तिच्यातून कळत नाही.

मग दरवर्षी चाचणी का करू नये?

वाचकांकडून हा प्रश्न हमखास येतो, कारण वार्षिक तपासणीच्या पॅकेजांत सीए-१२५ ही रक्तचाचणी आता सर्रास दिसते. तिचा जन्म १९८१ चा. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी एकामागून एक प्रतिपिंडे तपासली. उपयोगी ठरलेल्या प्रतिपिंडाचा क्रमांक १२५ होता, म्हणून हे नाव. आजाराचे निदान झाल्यावर उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी ही चाचणी फार उपयोगी आहे. निरोगी स्त्रियांमधून रुग्ण हुडकून काढण्यासाठी मात्र ती अपुरी पडते. पहिल्या टप्प्यातील जवळजवळ निम्म्या रुग्णांत ती सामान्यच असते. उलट पाळीचे दिवस, गरोदरपण, एंडोमेट्रिऑसिस, गर्भाशयातील फायब्रॉइड, यकृताचे विकार, पोटाचा क्षयरोग अशा अनेक कारणांनी ती वाढते.

ब्रिटनमध्ये २००१ ते २००५ या काळात ५० ते ७४ वयाच्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांना एका चाचणी-प्रयोगात सामील करून घेण्यात आले. काहींची दरवर्षी रक्तचाचणी, काहींची दरवर्षी सोनोग्राफी झाली, तर उरलेल्यांची नेहमीची देखभाल तेवढी सुरू राहिली. २०२१ साली अंतिम निष्कर्ष आला : वार्षिक चाचण्यांमुळे या आजाराने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. त्यापूर्वी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या प्रयोगात ३,२८५ स्त्रियांचे अहवाल आजार नसताना संशयास्पद आले. त्यांपैकी १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली आणि १६३ जणींना गंभीर गुंतागुंत सोसावी लागली. म्हणून तक्रार नसलेल्या, घराण्यात हा आजार नसलेल्या स्त्रीने दरवर्षी ही चाचणी करू नये. तक्रार असलेल्या स्त्रीने मात्र ती टाळू नये. हा फरक नीट ध्यानात ठेवावा.

सोनोग्राफीतही प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. पाळी सुरू असलेल्या स्त्रीच्या अंडाशयात पाण्याची साधी गाठ वारंवार आढळते आणि दोन-तीन पाळ्यांत आपोआप विरते. तरुण मुलींमध्ये दिसणारे पीसीओएस म्हणजे कर्करोग नव्हे. काळजी वाटावी अशी गाठ वेगळी दिसते : तिच्यात घन भाग असतो, आत पडदे असतात, रक्तपुरवठा वाढलेला असतो, दोन्ही बाजूंना गाठी असतात किंवा पोटात पाणी असते. सोनोग्राफीतील ही चिन्हे, पाळी थांबली आहे की नाही, आणि सीए-१२५ चा आकडा यांचा गुणाकार करून धोका मोजण्याची एक पद्धत १९९० पासून वापरात आहे. गुणाकार २०० च्या वर गेला, तर अशा स्त्रीला कर्करोग-शल्यतज्ज्ञांकडे पाठवावे, असा संकेत आहे.

दुसरा उशीर : चुकीच्या टेबलावर झालेली पहिली शस्त्रक्रिया

या उशिराची चर्चा सर्वांत कमी होते आणि नुकसान मात्र फार होते. गाठ सापडली की घरचे घाबरतात. 'उद्याच काढून टाका' म्हणतात. जवळच्या नर्सिंग होममध्ये गाठ काढली जाते, कधी सुईने तिच्यातील पाणी ओढले जाते. पंधरा दिवसांनी बायॉप्सीचा अहवाल कर्करोगाचा येतो आणि रुग्णा आमच्याकडे येते तेव्हा पोटात आणखी कुठे आजार होता, हे कोणी पाहिलेलेच नसते. मग सारे पुन्हा उघडावे लागते.

एकाच अंडाशयात बंदिस्त असलेली गाठ अखंड निघाली, तर आजार पहिल्या टप्प्याच्या सर्वांत सौम्य पायरीवर राहतो. तीच गाठ शस्त्रक्रियेत फुटली किंवा सुईने टोचली गेली, तर पेशी पोटात सांडण्याची शक्यता निर्माण होते. टप्पा वरचा मानावा लागतो आणि एरवी टळू शकली असती ती केमोथेरपी घ्यावी लागते. म्हणून शंका असलेली बंदिस्त गाठ टोचू नये. आजार पोटात पसरलेला स्पष्ट दिसत असेल, तर गोष्ट निराळी. तेथे सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या साहाय्याने सुईने तुकडा काढून निदान पक्के करणे हीच योग्य रीत आहे.

आपल्या देशात तुकडा तपासण्याला आणखी एक कारण आहे. पोटाचा क्षयरोग अगदी हेच रूप घेतो : पोटात पाणी, वजनात घट, वाढलेला सीए-१२५. क्षयरोग असलेल्या तरुण स्त्रीचे पोट कर्करोग समजून उघडले जाते, आणि कर्करोग असलेल्या स्त्रीला केवळ अंदाजाने महिनोन्‌महिने क्षयाच्या गोळ्या दिल्या जातात. दोन्ही चुका घडतात. एक औषधांनी बरा होणारा आजार आहे, दुसऱ्यात प्रत्येक महिना मोलाचा आहे. निवाडा सूक्ष्मदर्शकाखालीच व्हायला हवा.

योग्य तज्ज्ञ शोधण्यात आठवडा-दोन आठवडे गेले, तरी तो वेळ वाया गेला असे मानू नये. पहिली शस्त्रक्रिया एकदाच होते.

उपचारांचा क्रम

शस्त्रक्रियेत दोन्ही अंडाशये, गर्भनलिका, गर्भाशय आणि चरबीचा पडदा काढतात; पोटाचा प्रत्येक कोपरा पाहून जिथे आजार दिसेल तिथून तो काढतात. किती काढला यापेक्षा किती उरला, हे महत्त्वाचे. उरलेल्या आजाराचा आकार आणि पुढील आयुष्य यांचा संबंध १९७५ मध्येच दाखवला गेला होता. आज डोळ्यांना दिसेल असे काहीही मागे न ठेवणे, हे शल्यतज्ज्ञांचे उद्दिष्ट असते. अशी शस्त्रक्रिया अनेक तास चालते. तिला अनुभवी भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग यांची साथ लागते.

आजार फार पसरलेला असेल किंवा रुग्णा अशक्त असेल, तर आधी केमोथेरपीचे तीन डोस, मग शस्त्रक्रिया, मग उरलेले तीन डोस असा क्रम ठरवतात. 'आधी केमो दिली, म्हणजे ऑपरेशन होण्यासारखे राहिलेच नाही,' असा अर्थ घरच्यांनी काढू नये. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय प्रयोगात खूप पसरलेल्या आजारात दोन्ही क्रमांनी आयुर्मान सारखेच आढळले. कोणासाठी कोणता क्रम, हे तज्ज्ञांच्या एकत्रित बैठकीत ठरावे.

केमोथेरपीत बहुधा दोन औषधे असतात. कार्बोप्लॅटिन हे प्लॅटिनमपासून बनवलेले. त्याची मात्रा मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेवरून काढतात, म्हणून प्रत्येक डोसापूर्वी क्रिएटिनिन पाहतात. पॅक्लिटॅक्सेल हे मूळचे यू नावाच्या वृक्षाच्या सालीतून मिळालेले. १९९२ साली अमेरिकेत त्याला पहिली मान्यता मिळाली ती याच कर्करोगासाठी. साधारणतः दर तीन आठवड्यांनी एक, असे सहा डोस असतात. केस गळतात आणि उपचार संपल्यावर पुन्हा येतात. हातापायांना मुंग्या येतात, रक्तातील पेशी घटतात. घरात थर्मामीटर हवाच. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर रात्र असो वा सण, रुग्णालय गाठावे. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये.

खर्चाची चिंता रास्त आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी यांचा समावेश आहे. योजनेशी संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राला उपचार सुरू होण्यापूर्वीच भेटावे. आधी खर्च करून नंतर योजना शोधणाऱ्यांची फार ओढाताण होते.

तरुण मुलींमध्ये आढळणारे काही प्रकार बीजपेशींपासून होतात. ते केमोथेरपीला फार चांगला प्रतिसाद देतात. त्यांत दुसरे अंडाशय आणि गर्भाशय राखून बहुसंख्य मुली बऱ्या होतात व पुढे मातृत्वाची शक्यताही टिकते. वीस वर्षांच्या मुलीच्या गाठीसाठी सारे काढून टाकायला घाईने संमती देऊ नये, ती याचसाठी.

आकडे कसे वाचावेत

अमेरिकेतील नोंदींनुसार आजार अंडाशयापुरता मर्यादित असताना सापडला, तर पाच वर्षांनंतर ९० टक्क्यांहून अधिक स्त्रिया हयात असतात. दूरवर पसरल्यावर सापडला, तर सुमारे ३० टक्के. या दोन आकड्यांमधील दरी हेच उशिराचे मोल आहे.

रुग्णालयांचे आकडे वाचताना मात्र सावध असावे. मोठ्या रुग्णालयाच्या नोंदीत तेथवर पोहोचलेल्या रुग्णा असतात. वाटेत थांबलेल्या, दोन डोसांनंतर पैसे किंवा सोबत नाही म्हणून न परतलेल्या पुष्कळदा मोजल्याच जात नाहीत. म्हणूनच एखाद्या भागातील सर्व रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या नोंदणीचे महत्त्व आहे. भारतात ते काम पहिल्यांदा १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि ग्रामीण भागासाठी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत. शिवाय टक्केवारी समूहाची असते. समोरची रुग्णा त्यातील कोणत्या बाजूची, हे ती सांगत नाही.

पसरलेल्या अवस्थेत सापडलेला आजार उपचारांनंतर पुष्कळदा पूर्ण ओसरतो, आणि तरीही बहुसंख्य स्त्रियांत काही काळाने परततो. हे सत्य लपवू नये. परतल्यावरही उपचार असतात आणि प्लॅटिनमचे औषध थांबल्यापासून जितका दीर्घ काळ लोटला असेल, तितका त्याच औषधाचा पुन्हा लाभ होण्याचा संभव अधिक. या काळात घरचे सीए-१२५ च्या प्रत्येक आकड्यावर जीव टांगून बसतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात तक्रार नसताना केवळ आकडा वाढला म्हणून लगेच केमो सुरू केलेल्या स्त्रिया तक्रारी दिसेपर्यंत थांबलेल्यांपेक्षा अधिक जगल्या नाहीत. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावे, असे मी म्हणते ते या आधारावर.

तिसरा उशीर : लेकीला न सांगणे

अंडाशयाच्या कर्करोगाच्या सुमारे १५ टक्के रुग्णांत बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकांत जन्मजात दोष असतो. दोष बीआरसीए-१ मध्ये असेल, तर ऐंशी वर्षांपर्यंत अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के असते, बीआरसीए-२ मध्ये असेल तर सुमारे १७ टक्के. स्तनाच्या कर्करोगाचाही धोका दोन्हींत मोठा असतो. हा दोष प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते आणि तो वडिलांकडूनही येतो. म्हणून आत्याच्या आजाराचीही विचारपूस करावी.

म्हणून या कर्करोगाच्या बहुतेक रुग्णांना जनुक-चाचणीचा सल्ला दिला जातो. तिचा पहिला उपयोग रुग्णेलाच होतो. दोष असलेल्या स्त्रियांसाठी ओलापॅरिबसारख्या गोळ्या आहेत. केमोथेरपीनंतर त्या दोन वर्षे घेतलेल्या स्त्रियांपैकी ६७ टक्के सात वर्षांनी हयात होत्या. निष्क्रिय गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण ४६.५ टक्के होते. दुसरा उपयोग लेकी-बहिणींना. अपत्ये झाल्यानंतर, बीआरसीए-१ मध्ये साधारण ३५ ते ४० आणि बीआरसीए-२ मध्ये ४० ते ४५ या वयात अंडाशये व गर्भनलिका काढल्यास हा धोका सुमारे ८० टक्क्यांनी घटतो. निर्णय सोपा नाही, अकाली रजोनिवृत्ती येते; तो समुपदेशनानंतर तिनेच घ्यायचा आहे. पण घेण्यासाठी तिला माहिती तर हवी.

येथे आपण आरंभीच्या घराकडे परत येऊ. मुलाला मी सांगितले, की आईने विचारले तर मी खोटे बोलणार नाही. तपासून झाल्यावर बाईंनी विचारलेच, "कॅन्सर आहे ना?" मी हो म्हटले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मुलाकडे वळून म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. तू एकटा किती दिवस उरावर घेऊन हिंडणार होतास?"

त्यांना तीन डोस, शस्त्रक्रिया आणि पुन्हा तीन डोस असे उपचार झाले. जनुक-चाचणीत बीआरसीए-१ चा दोष सापडला. तेव्हा मात्र अडल्या त्या स्वतः. "लेकीला सांगू नका. तिच्या सासरी कळलं तर तिला नावं ठेवतील." त्यांची मोठी बहीण 'पोटात पाणी होऊन' गेली होती, हेही त्या दिवशी प्रथमच बोलण्यात आले. मी त्यांना एवढेच विचारले, की बहिणीचा आजार तुम्हाला दहा वर्षांपूर्वी कोणी नावानिशी सांगितला असता, तर तुम्हाला बरे वाटले असते की वाईट? पुढच्या भेटीत लेक बरोबर होती. तिची चाचणीही सदोष आली आहे. ती चौतीस वर्षांची आहे, तिला दोन मुले आहेत, आणि पुढे काय करायचे हे ती नवऱ्याशी बोलून ठरवते आहे. बाईंचा आजार दोन वर्षांनी परतला. त्यांचे उपचार सुरू आहेत. डोसाच्या दिवशी त्या डबा घेऊन येतात आणि शेजारच्या खाटेवरच्या नव्या बाईला तिच्या पोटाच्या तक्रारी कधी सुरू झाल्या ते विचारतात.

घरच्यांनी लक्षात ठेवावे

– पोट फुगणे, लवकर पोट भरणे, पोटात दुखणे, वारंवार लघवी यांपैकी नवी तक्रार महिन्यात बारापेक्षा अधिक दिवस झाली, तर सोनोग्राफीविषयी डॉक्टरांना विचारावे. चाळिशी-पन्नाशीनंतर तर नक्कीच.

– गाठ सापडल्यास शस्त्रक्रियेपूर्वी तीन प्रश्न विचारावेत : ही गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता किती? तसे निघाल्यास पूर्ण शस्त्रक्रिया येथे होईल का? नसेल, तर आधीच कर्करोग-शल्यतज्ज्ञांकडे जावे का?

– निदान झाल्यावर जनुक-चाचणीविषयी विचारावे आणि अहवाल लेकी, मुलगे, बहिणी व भाऊ यांना कळवावा.

– घराण्यातील कोणी 'पोटात पाणी होऊन' किंवा स्तनाच्या आजाराने गेले असेल, तर ते नाव, नाते आणि वय एका कागदावर लिहून घरातील वैद्यकीय कागदांबरोबर ठेवावे.

या अखेरच्या सूचनेला पैसे लागत नाहीत आणि तज्ज्ञही लागत नाही. घरातील वडीलधाऱ्या बाईंजवळ बसून येत्या रविवारी ते काम करता येईल.